मुक्या मिठागराचा निबंध

मार्च लागला आणि दुपारचा वारा खाडीकडून यायला लागला, की मला ओठ खारट लागतात. घरात कुणाला हे पटत नाही. मुलगा म्हणतो, "आई, खांदा कॉलनीत बसून तुला खाडी कुठून लागते? इथे आता फक्त सिमेंट उडतं." त्याचं खरं असेल. पण परीक्षांचे दिवस आले, मुलं पॅड आणि कंपासपेट्या घेऊन रस्त्याने जाताना दिसली, की माझी जीभ आपोआप ओठांवरून फिरते आणि तिथे मीठ असतं. वय झालं की असं होत असावं.

यंदा याच दिवसांत जवळच्या एका शाळेने मला बोलावलं होतं. तरुण शिक्षकांसाठी शिबिर होतं, विषय होता मुलांचं लेखन आणि तंत्रज्ञान. हॉलमध्ये गारवा होता, भिंतीवर बोट लावलं की चित्रं हलणारा फळा होता. एक हसरी मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर त्या काळात टीव्ही आणि व्हीसीआर लावून निबंध शिकवायचात म्हणे! मुलांच्या लिहिण्यात फरक पडला का हो?"

मी म्हणाले, "पडला." मग थांबले. मग म्हणाले, "म्हणजे, पडला असावा." सगळे हसले. त्यांना वाटलं, बाई विनोदी आहेत. मी विनोद करत नव्हते. घरी येताना सुकापूरच्या रस्त्यावर रिक्षात बसून मी तोच प्रश्न स्वतःला विचारत होते. इतकी वर्षं झाली, मला अजून उत्तर माहीत नाही.

तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं असेल. लग्न होऊन मी पुण्याहून नवीन पनवेलला आले होते. नोकरी मिळाली ती उरण रस्त्यावरच्या एका गावात, गव्हाणच्याही पुढे, खाडीच्या कडेला. शाळेच्या मागच्या खिडकीतून मिठागरं दिसायची. दिवाळीनंतर चौकोनी वाफ्यांत खाडीचं पाणी घ्यायचे, आणि माघ-फाल्गुनात त्यावर साय धरावी तसं मीठ धरायचं. मग ते ओढायचं, बांधावर राशी घालायच्या. दुपारी त्या राशींकडे बघवत नसे. फळ्याकडे तोंड केलं तरी पाठीवर तो पांढरा उजेड जाणवायचा. माझ्या चौथीच्या वर्गातल्या मुलांच्या टाचा मिठाने फुटलेल्या असत. ती बाकाखाली पाय घासत बसायची आणि वर्गभर एक बारीक खरखर चाललेली असायची. त्या मोसमाचा आवाज विचारलात तर माझ्यासाठी तो हाच.

आणि त्या मोसमात शाळेत टीव्ही आला. कुठल्याशा योजनेतून, रंगीत, सोबत व्हीसीआर आणि काही शैक्षणिक कॅसेटी. आमचे मुख्याध्यापक म्हात्रे गुरुजी त्याच गावचे. त्यांचे वडीलही मिठावरचेच. गुरुजींनी टीव्हीला त्यांच्या मंडळींकडून भरतकामाचं झाकण शिवून घेतलं आणि तो कपाटाशेजारी ठेवून दिला. झाकण फक्त पाहुणे आले की निघायचं.

"गुरुजी, वापरायचा कधी?" मी विचारलं.

"वापरला की बिघडतो, बाई. इथली हवा खारी. बैलाचं शिंगसुद्धा गंजेल इथं."

शेवटी त्यांनी परवानगी दिली, ती निबंधांमुळे. माझ्या वर्गाचे निबंध एकसारखे असायचे. गाइडमधून पाठ केलेले. 'माझे गाव' लिहा म्हटलं, की सगळ्यांच्या गावातून नदी झुळुझुळू वाहायची. आमच्या गावात नदी नव्हती. खाडी होती, ती दिवसातून दोनदा यायची आणि दोनदा जायची, आणि ती कुणाच्याही निबंधात नव्हती. मी मोठ्या हौसेने कॅसेट लावली. त्यात एक नीटनेटकं खेडं होतं, डोंगर होता, फुगे विकणारा होता, मुलं शुद्ध बोलत होती. मुलांनी डोळे फाडून बघितलं. मग लिहायला सांगितलं, तर गाइडची नदी गेली आणि टीव्हीतला डोंगर आला. आता सगळ्यांच्या गावात फुगेवाला होता.

मला कळेना, हे पुढे गेलं की मागे.

त्या निबंधांत एक वही कोरी होती. वनिताची. वनिता दुसऱ्या बाकावर भिंतीकडे बसायची. केस तेल लावून घट्ट वेणी घातलेले, पुढचा एक दात अर्धा. बोलायला लागली की थांबायची नाही. सुट्टीत ती मला अख्ख्या गावाच्या बातम्या द्यायची. पण पेन्सिल हातात आली की बधिर व्हायची. गाइडचंही पाठ होत नसे तिला. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. बाप, हरिश्चंद्र, मिठावर. त्याने मला एकदा बांधावर गाठून सरळच सांगितलं होतं, "बाई, पोर चवथी पास झाली तं पुडचं बगू. नाय झाली तं मिठावर येईल. मी तरी एकटा किती वडू?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. उद्या भरती किती वाजता आहे, ते सांगावं तसं त्याने सांगितलं.

मग मला सुचलं ते असं. टीव्हीत यांचंच गाव दिसलं तर?

पनवेलला आमच्या शेजारच्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग इक्बालभाईंनी केलं होतं. खांद्यावर घ्यायचा जाडजूड कॅमेरा, बोलणं मिठ्ठास. मी त्यांना विचारलं, मिठागराचं शूटिंग कराल का. "मिठागराचं? नवरा-नवरी कुठे आहेत त्यात?" पण एका रविवारी आले. बांधावरून तोल सांभाळत फिरले, पँट पोटरीपर्यंत वर दुमडून. माणसं मीठ ओढत होती, बायका टोपल्या डोक्यावरून राशीकडे नेत होत्या, बगळे उभे होते. इक्बालभाईंनी सगळं घेतलं.

दोन-तीन दिवसांनी कॅसेट घेऊन आले तेव्हा चेहरा पडलेला. "बाई, माफ करा. चित्र अव्वल आलंय, पण आवाज बरबाद झाला. हवा घुसली माइकमध्ये. नुसतं सूं सूं. तुम्ही फिकीर करू नका, मी त्यावर शहनाई टाकून देतो. लग्नात आम्ही तेच करतो."

मिठागरावर सनई. मी नको म्हणाले. आवाज पूर्ण बंद करून लावू, असं ठरवलं. त्यामागे काही मोठा विचार होता असं नाही. शिबिरात लोक विचारतात, ही पद्धत तुम्हाला कशी सुचली? मी काय सांगू, वारा होता म्हणून.

त्या दुपारी वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावल्या. टीव्ही लागला आणि पहिल्यांदा कुणालाच कळेना की हे काय. मग एकाने ओरडून सांगितलं, "आरं, हा तं आपला बांद!" आणि गलका झाला. प्रत्येकाला आपलं कुणीतरी सापडत होतं. काका, आत्या, कुत्रा. पडद्यावर हरिश्चंद्र आला. लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन वाकलेला. मग त्याने मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितलं आणि त्याचे ओठ हलले. काहीतरी म्हणाला. आवाज नव्हता.

वनिता उठून उभी राहिली. टीव्हीजवळ गेली. "बापूस काय बोलतोय?"

मी सांगितलं, आवाज आलेला नाही.

"मंग त्याला सांगाचं कसं, का ऐकू येत नाय?"

मुलं हसली. ती हसली नाही. जागेवर येऊन बसली आणि मी सांगायच्या आधीच वही उघडून लिहायला लागली. जीभ दाताच्या फटीतून बाहेर, डोकं वहीला टेकलेलं. मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले, पण तिला कळलंही नाही.

तिने लिहिलं होतं ते मला अजून पाठ आहे. "बापूस मीठ वडतो. पिक्चरमदी त्याला आवाज नाय. तो म्हनतो वनिता पानी आन. पन मी तितं नाय, मी शालेत हाय. मंग तो सवता जाऊन पानी पितो. मीठ वडताना ऊन खालून येतं. वरून येतं ते येगलं ऊन."

मी ते खुर्चीत बसून वाचलं. लाल पेन उघडून हातात धरलं होतं. जवळपास प्रत्येक शब्द चुकलेला होता आणि वाक्य एकही चुकलेलं नव्हतं. ऊन खालून येतं, हे मी रोज बघत होते. पाठीवर झेलत होते. मला कधी असं म्हणता आलं नव्हतं.

तरीही मी शिक्षक होते. 'बापूस'खाली रेघ मारली आणि वर 'वडील' लिहिलं. वनिता शेजारी उभी होती. तिने विचारलं, "बाई, हे कोन?"

"वडील म्हणजे बापूसच की गं."

"नाय. वडील पुस्तकातले. ते हापिसात जातात. हा माजा बापूस हाय."

तेव्हा मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. घंटा झाली असावी.

त्यानंतर जवळजवळ रोज शेवटच्या तासाला ती कॅसेट लागू लागली. मी मध्येच चित्र थांबवायची आणि मुलं त्या थांबलेल्या माणसाच्या तोंडी वाक्यं लिहायची. घरचा टेपरेकॉर्डरही आणला. मुलं आधी त्यात बोलायची, मग स्वतःचा आवाज ऐकून लिहून काढायची. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा सगळी एकमेकांकडे संशयाने बघत होती, जणू कुणीतरी कपाटात लपून त्यांची नक्कल करत होतं. वर्गातली कोरी पानं भरायला लागली. मला कैफ चढला होता. बसस्टॉपवर उभी असतानासुद्धा मी मनात पानं तपासत असायची.

म्हात्रे गुरुजींनी एक दिवस तो गठ्ठा मागून घेतला. शांतपणे सगळं वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, हे परीक्षेत चालणार नाही."

"पण गुरुजी, मुलं लिहितायत. आणि स्वतःचं लिहितायत. त्यांची भाषा आहे ही. तुमचीसुद्धा."

"माझीच आहे," ते म्हणाले. "म्हणून तर सांगतो. तुम्हाला हे गोड वाटतं, कारण तुम्हाला यावरून कुणी कधी हसलेलं नाही. मी पनवेलला हायस्कुलात गेलो तेव्हा पहिल्या दिवशी उठून 'मी नाय केला' म्हटलं. वर्ग हसला, मास्तर हसले. मग मी वर्षभर तोंड उघडलं नाही. आमच्या पोरांनी तसं गप्प बसावं, असं वाटतं का तुम्हाला?"

पुण्याची मी त्यांच्या बोलीची बाजू घेत होते आणि त्या बोलीत जन्मलेले गुरुजी माझ्या बोलीची. दोघांपैकी कोण बरोबर, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही एखाद्या दिवशी गुरुजी बरोबर वाटतात, एखाद्या दिवशी वनिता. मी बरोबर होते असं मात्र फारसं वाटत नाही.

परीक्षा आली. त्या वर्षी चौथीचे पेपर शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांनी तपासायचे, असं ठरलं होतं. मराठीच्या पेपराला निबंधाचा विषय निघाला 'आमची सहल'. आमची मुलं कुठे सहलीला गेली होती! पण बाकीची मुलं माना खाली घालून लिहायला लागली. वनिताने हात वर केला.

"बाई, टीव्ही लावाचा नाय?"

"नाही गं. परीक्षेत टीव्ही नसतो."

"लाईट नाय म्हनून?"

"लाईट आहे. परीक्षेत नसतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत दोष नव्हता, निव्वळ गोंधळ होता. इतके दिवस ज्या वस्तूशिवाय लिहायचं नाही असं बाईंनीच शिकवलं, ती वस्तू नेमकी आजच का नाही? मला वाटलं, संपलं. मुलीला चालायला शिकवलं म्हणत होते, आणि तिच्या हातात कुबडी देऊन बसले होते. मी वर्गात फेऱ्या मारत राहिले. तिच्या बाकाजवळ जायचं धाडस होईना. वर्गातली टाचांची खरखर त्या दिवशी थांबली होती, पेन्सिलींचीच चालू होती.

बऱ्याच वेळाने गेले. वनिताने उत्तरपत्रिकेवर एक चौकोन काढला होता. त्याला डाव्या अंगाला दोन गोल बटणं, वर अँटेना. आत काही नाही, रिकामा. त्या रिकाम्या चौकोनाकडे ती टक लावून बघत होती, मग खाली लिहीत होती. पुन्हा बघत होती, पुन्हा लिहीत होती.

मी उलट्या बाजूने पहिली ओळ वाचली. 'मी वडिलांची भाकर घेऊन सहलीला गेले.'

वडिलांची. तिला मी पुन्हा कधी तो शब्द सांगितला नव्हता. परक्या माणसाकडे पेपर जाणार, हे तिने आपलं आपण ओळखलं होतं आणि बापूस घरी ठेवून वडिलांना पेपरात पाठवलं होतं. मला आनंद झाला. त्याच क्षणी आत काहीतरी तुटल्यासारखंही झालं. हे दोन्ही एकदम कसं होतं, ते मला कुणी समजावून सांगितलं तर बरं होईल.

पेपर तपासून आले. चौकोनावर लाल फुली होती, बाजूला लिहिलं होतं, 'चित्र नको.' पण मुलगी पास होती. काठावर, पण पास.

मी निकालपत्रक घेऊन स्वतः बांधावर गेले. हरिश्चंद्रने कपाळावरचा घाम पुसला, कागद हातात न घेताच बघितला, आणि म्हणाला, "बरं झालं. पन बाई, पाचवी लांब हाय. येसटीनं जावं लागंल. अन हितं हाताखाली कोन?"

"तुम्ही म्हणाला होतात, पास झाली तर…"

"म्हटलं होतं, पुडचं बगू. बगतोय ना."

मला त्याच्याशी भांडता येईना. फावड्याची मूठ त्याच्या तळहातात घट्टे पाडून बसली होती, आणि मी हातात कागद घेऊन उभी होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "तुम्ही टीव्हीत दिसता. बघितलंत का?"

तो प्रथमच हसला. "पोर बोलती. खरं हाय काय ते?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शाळेत आला. अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून. वनिता त्याचं बोट धरून. म्हात्रे गुरुजींनी स्वतः झाकण काढलं. खुर्ची दिली तर हरिश्चंद्र बसेना, मग अगदी कडेला टेकला. कॅसेट लागली. बांध, बगळे, बायका. मग तो स्वतः.

तो पडद्याकडे झुकला. मग हळूच म्हणाला, "इतका वाकलोय मी?"

पडद्यावरच्या हरिश्चंद्रने मान वर केली, ओठ हलवले. वनिताने वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागली. परीक्षेतलं नाही, ते पहिलं. "बापूस मीठ वडतो. तो म्हनतो वनिता पानी आन…" वाचताना ती अडखळली नाही. पडद्यावर ओठ हलत होते आणि आवाज तिचा येत होता.

हरिश्चंद्र एकदम तिच्याकडे वळला. "ए, मी असं बोललोच नाय! खोटं लिवलंस."

"मंग काय बोलला होतास?"

"त्या कॅमेरावाल्याला बोललो का, बाबा, बाजूला हो, मिठावर पाय देऊ नको."

गुरुजी खदखदून हसले. वनिता हिरमुसली. "मना काय म्हाईत? आवाज नव्हता."

"खोटंच हाय ते," तो पुन्हा म्हणाला, पण नजर वहीवर होती. त्याला वाचता येत नव्हतं. तरी त्याने ती वही हातात घेतली आणि ओळींवरून अंगठा फिरवला, उजवीकडून डावीकडे. "पन पानी मागतो मी. तू शालेत असतीस तवा बी मागतो. सवयीनं." मग जरा वेळाने, "ऊन खालून येतं, ते बराबर लिवलंस."

कॅसेट संपली. पडदा निळा झाला. मी उठून बटण बंद करणार, तर त्याने हात वर केला.

"परत लावा, गुरजी," तो म्हणाला, आणि आता खुर्चीत मागे सरकून नीट बसला. "या टायमाला मी सांगतो, ती लिवून घेईल. खरं काय ते लिवायला शिकली पायजे. पाचवीला जायची हाय."